खांद्याचं दुखणं

माझा खांदा दुखतो, असं मी एकतीस वर्षं सांगत आलो. पांढुर्ण्यात कुणालाही विचारा. मोरेश्वर सर विद्यापीठाकडून क्रिकेट खेळले, सीमारेषेवरून चेंडू थेट यष्टीवर घालायचे, पुढे खांदा गेला आणि मास्तर झाले. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

झालं ते असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. कुणाचा गोटा कुणाला लागला हे विचारायचं नाही, अशी रीत. मी कॉलेजातून सुट्टीला आलेलो, डोक्यावर विद्यापीठाची निळी टोपी, अंगात मस्ती. झेंड्यापाशी उभ्या असलेल्या सावरगावच्या एका पोरावर नेम धरला. माझा नेम चुकत नसे. त्या पोराचा, उत्तमचा, डावा डोळा गेला.

रीतीप्रमाणे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण त्यानंतर चेंडू फेकायला हात उचलला की तो तोंड धरून खाली बसताना दिसे. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड होती. खांदा दुखतो म्हणून कळवलं आणि गेलोच नाही. मग सौंसर, रामाकोना, तिगाव अशा शाळा करत पांढुर्ण्याला आलो. पोरांना बॅट धरायला शिकवली, फेकून कधी दाखवलं नाही. बाजारात उत्तम दिसला की मी रस्ता बदलायचो. चोराच्या मनात चांदणं. तो मात्र लांबूनच नमस्कार घालायचा. खरं सांगतो, त्या नमस्काराचा मला फार थकवा आला होता.

यंदा त्याची मुलगी ऋतुजा आमच्या शाळेत अकरावीत आली. काय हात आहे पोरीचा! संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, संघात निवड झाली, पण शिबिराच्या फॉर्मवर बाप सही करेना. सोमवार शेवटचा दिवस. रविवारी सकाळी मीच सावरगावला गेलो.

उत्तम अंगणात संत्री निवडत बसला होता, मान डावीकडे वळवून, एका डोळ्यानं लहान-मोठी वेगळी करत. ऋतुजा दारात उभी होती, रडून डोळे सुजलेले.

"फेकाफेकी माह्या घरात नको, सर," तो म्हणाला. "एकडाव झाली, पुरे झाली."

"पोरीचं नुकसान होऊन राहिलं, उत्तम."

"अन् तिले शिकवन कोण? तुमी तं फेकतच नाही."

"माहा खांदा..."

"खांद्याचं मले नका सांगू." त्यानं हातातलं संत्रं टोपलीत ठेवलं. "या डोळ्यानं शेवटचं काय पाह्यलं, सांगू? निळी टोपी. अख्ख्या पांढुर्ण्यात एकच होती."

लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. एवढी वर्षं माहीत होतं, तर नमस्कार कसले घालत होता?

"माहाच गोटा होता," मी म्हणालो. "तूही कधी बोलला नाहीस."

"विचारायचं नाही अशी रीत आहे, म्हणून मी विचारलं नाही. सांगायले तं कोणी मनाई केली नव्हती."

"चुकलं माहं," एवढंच म्हणालो.

त्यानं टोपली बाजूला सारली. मग म्हणाला, "पोरीसमोर एकडाव फेकून दाखवा. मंग सही करतो."

घरामागच्या पडीक तुकड्यात एक खुंटा होता. ऋतुजानं माझ्या हातात चेंडू दिला. हात मागे नेला, तर तो खाली बसणारा पोरगा दिसलाच. तरी फेकला. चेंडू अर्ध्या वाटेत पडला आणि घरंगळत बाभळीखाली गेला. खांद्यातून अशी कळ निघाली की मी मटकन खाली बसलो.

ऋतुजा चेंडू आणायला धावली. उत्तम माझ्याशेजारी येऊन टेकला. फॉर्म मांडीवर घेऊन, मान वळवून त्यानं सावकाश सही केली.

"आता कोणी विचारलं तं खरं सांगता येईन, सर," तो म्हणाला, "खांदा दुखते म्हणून."