सुरू होऊन राहिला

भूमेश्वरीबाईंनी सीडी पदराला पुसली, संगणकात सरकवली आणि बटण दाबलं. म्हातारं यंत्र घुरघुरलं, थांबलं, खाकरलं, आणि पडद्यावर अक्षरं उगवली.

“आला रे बाप्पा!” बाईंनी खुर्चीतच हात जोडले.

दवनीवाड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी १९९९ पासून बारा वर्षं याच संगणकात पोवारी बोलीतले शब्द जमवले होते, सात हजारांवर. ती फाइल दुसरीकडे उघडली की नुसते चौकोन दिसत. संगणक बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. जगभरचे मूठभर हौशी लोक पदरमोड करून त्याची सिस्टिम जिवंत ठेवत होते. त्यांच्यातला पुण्याचा श्रीरंग फाइलमधले शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसतील अशा अक्षरांत, उतरवायची सोय करत होता. त्याने सीडी पाठवून कळवलं होतं, ‘नवी आवृत्ती तुमच्याकडे चालते का, रविवारपर्यंत सांगा. नाही चालली तर हे यंत्र यादीतून वगळणार, पुढचं काम बंद.’

बाईंनी लगेच मेल धाडला, ‘सर, सुरू होऊन राहिला.’

सोमवारी उत्तर आलं. ‘कळवल्याबद्दल आभार. फार वाईट वाटलं. यंत्र वगळत आहोत.’

बारा वर्षं पाण्यात! त्यांनी तडक फोन लावला.

“काऊन काढून राहिले सर? मी तं कळवलं ना!”

“मॅडम, तुम्हीच लिहिलंत, सुरू होऊन राहिला.”

“मंग?”

“म्हणजे सुरू झाला आणि तिथेच राहिला. अडकला.”

“अडकला?” बाईंचा पारा चढला. “मी जेवून राहिली म्हटलं तं काय घास अडकून मेली का मी? सुरू होऊन राहिला म्हंजे सुरू होते! हे घ्या, आयका.”

त्यांनी फोन यंत्राला टेकवला. ते इमानदारीत घुरघुरलं.

पलीकडे श्रीरंग असा हसला की बाईही हसायला लागल्या.

“चूक माझी, मॅडम. आत्ताच परत घेतो यादीत.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. सकाळचा चहा निवून गेला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

तीन महिन्यांनी सगळे शब्द सुखरूप नव्या लॅपटॉपवर आले. एकही चौकोन नाही. बाईंनी दहादा खालीवर करून पाहिलं.

“आता हा डबा भंगारात देऊन टाकाचा का?” नवरा, सेवकराम, यंत्राकडे बघत म्हणाला.

बाईंनी लॅपटॉपवर श्रीरंगच्या लोकांनी ठेवलेली यंत्रांची यादी उघडली. एकेका यंत्रापुढे इंग्रजीत शेरा होता. अगदी खालच्या ओळीवर बाईंनी बोट ठेवलं. तिथे, त्यांच्या यंत्रापुढे, देवनागरीत दोनच शब्द होते.

सेवकरामने चष्मा लावून ते मोठ्याने वाचले.

“चालून राहिला.”

“मंग?” बाई म्हणाल्या, आणि यंत्रावरची धूळ पदराने पुसू लागल्या.