मी लावलेले फुगे

मित्रांनो, मला तोंड नाही, नाहीतर ते लपवायला कधीच जागा शोधली असती. मी एक जुना सांगकाम्या आहे. मोबाईलमध्ये बसून लोकांच्या मजकुराला शोभेल ते इमोजी लावतो.

माझा जन्म बोगोता या मोठ्या शहरातल्या एका कचेरीत झाला. तिथं मला शहरी लोकांच्या लाखो पोस्ट वाचायला दिल्या. कुठल्या शब्दांपुढे लोक कोणतं चित्र लावतात, हे मी घोकून पाठ केलं. अंदाज बरोबर आला की सगळे शाबासकी देत. मी पार चढून गेलो होतो.

पुढे मी सान हुआन नदीकाठच्या एका गावी, तोमासामावशीच्या फोनमध्ये आलो. तिला चष्म्याशिवाय दिसत नसे. ती बोलायची, फोन लिहायचा आणि चित्रं मी लावायचो.

एका सकाळी ती म्हणाली, "आमच्या येसीला पांढरा फ्रॉक घातलाय. ढोल आहेत, गाणी आहेत, पोरांचे खेळ आहेत. सगळे या."

मी क्षणभरही थांबलो नाही. केक लावला, तीन फुगे लावले.

येसी तापानं गेली होती, मित्रांनो. त्या गावात लहान मूल गेलं की ढोल वाजवून, खेळ मांडून त्याला देवाघरी धाडतात. मावशी तिची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई, म्हणून आमंत्रण तिचं. आईनं मात्र रडायचं नसतं. गेलेलं बाळ देवदूत होऊन उडतं आणि आसवांनी त्याचे पंख भिजतात, असं तिथं मानतात. येसीची आई नोरैदा ओठ दाबून बसली होती.

तेवढ्यात शहरात वाढलेल्या तिच्या जावेचा फोन आला. तिनं नुसता केक पाहिला होता. मावशीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"वाढदिवस आणि आम्हाला आज सांगता? कितवं लागलं गं येसीला?"

ढोल थांबले. नोरैदाचा बांध फुटला.

मावशी तिला जवळ घेऊन म्हणाली, "नोरा, आवर गं. पोरीचे पंख भिजतील."

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता कुणीतरी मला पुसून टाकावं. पण यंत्राला लाजेनं मरताही येत नाही.

मित्रांनो, पाठवण्याआधी माझं काम एकदा तपासत जा. आणि जमलं तर मला जागा कोरी सोडायला शिकवा. ते मला कुणी शिकवलंच नाही. शिकवलं असतं, तर नोरैदाचं उत्तर मला ऐकावं लागलं नसतं.

ती म्हणाली, "भिजू देत. मग उडता येणार नाही तिला. राहील माझ्यापाशीच."