इडापिडेचं खत

वडजापूरला स्वतःचं वर्तमानपत्र नव्हतं, घंटागाडी होती. यवतमाळहून येणारा पेपर लोक टपरीवर वाचत, पण त्यात वडजापूरचं नाव छापून यायचं तर निदान एखादी बस तरी उलटावी लागे. बाकीच्या बातम्या रोज सकाळी घंटागाडीच भोंग्यावरून दारात आणून टाकी. उद्या नळ येणार नाही, मोकाट कुत्र्यांना लस टोचणार आहेत, टायरात पाणी साचू देऊ नका, ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या. हे सगळं लिहीत नगरपरिषदेचे स्वच्छता निरीक्षक घनश्याम गावंडे, आणि भोंग्यातला आवाजही त्यांचाच. बाजारात ते कुणाशी बोलायला लागले की समोरची बाई आपोआप इकडेतिकडे डबा शोधू लागे. घनश्यामभाऊंना याचा अभिमान होता.

घोळ झाला तो पोळ्याला.

पोळ्याच्या संध्याकाळी घरोघरी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायच्या, त्यांना मेढे म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी करीला भल्या सकाळी त्या शिवेबाहेर नेऊन फेकायच्या, ही इकडची रीत. नुसतं फेकून भागत नाही, ओरडावं लागतं. खोकला, ताप, मच्छर, सासूचा जाच, ज्याचं जे असेल त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "घेऊन जाय गे मारबत!" अशी मारबतीच्या गळ्यात पडून वर्षाची पीडा गावाबाहेर जाते. जाते म्हणजे नाक्यावरच्या पुलापाशी तिचा ढीग पडतो. आणि यंदा नेमकं त्याच दिवशी स्वच्छतेची पाहणी करणारं पथक यायचं होतं.

घनश्यामभाऊंनी डोकं चालवलं. भोंग्यावर सूचना गेली: "नागरिकांनो, मेढे पुलाजवळ टाकू नयेत. आपली इडापिडा घंटागाडीतच टाकावी. गाडी आपल्या दारी येईल. ओरडण्यास मनाई नाही."

लोकांना ही सोय फार आवडली. शिवेपर्यंतची पायपीट वाचली. पुलापर्यंत चालवत नाही म्हणून ज्यांची दुखणी वर्षानुवर्षं घरातच राहिली होती, त्या म्हाताऱ्याही या वर्षी दारात उभ्या राहून बोंबलल्या. जमनाबाईंनी काठी टेकत टेकत येऊन आपलं डाव्या गुडघ्याचं दुखणं स्वहस्ते गाडीत घातलं. खुद्द घनश्यामभाऊंनी आपली अ‍ॅसिडिटी टाकली; हळू आवाजात, कारण ते ड्युटीवर होते. गाडीचा ड्रायव्हर देवसिंग राठोड दुपारी डेपोवर पोचला तेव्हा घामाघूम झाला होता. "साहेब," तो म्हणाला, "साऱ्या गावाची बिमारी पाठीमागं घेऊन गाडी चालवली मी. आज मले सुट्टी पाह्यजे."

पथकानं स्वच्छ पुलाचे फोटो काढले. प्रशस्तिपत्र आलं आणि मुख्याधिकारी साहेबांच्या खुर्चीमागे लागलं. इथवर सगळं ठीक होतं.

मेढे गेले खताच्या डेपोत. हा डेपो घाटंजी रोडला, तानाबाईचा बचत गट तो चालवी. तानाबाई म्हणजे बारीक अंगाची, खणखणीत आवाजाची बाई. ढिगाला हात लावून आत किती गरमी आहे ते बघायची आणि तसंच माणसांनाही बघायची. कापसाच्या वेचणीचे दिवस सोडले तर गटातल्या बायांच्या हाताला वर्षभर काम देणारी एवढीच जागा. त्यांना वावरातून इथं आणलं होतं घनश्यामभाऊंनीच, "कायमचं काम आहे" असं तोंडभर सांगून. बायांनी मेढे बारीक तोडले, ओल्या कचऱ्यात शेणासोबत मुरवले, पाणी मारलं, पालथे घातले. थंडी पडेपर्यंत काळंभोर, भुसभुशीत खत तयार झालं. वास म्हणाल तर नुकत्याच नांगरलेल्या वावराचा.

त्याच सुमारास वरून आदेश आला. ज्या डेपोचं खत लोक नेत नाहीत तो बंद करायचा आणि कचरा ठेक्यानं बाहेरगावी पाठवायचा. मुख्याधिकारी साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "गावंडे, महिनाअखेरी मी स्वतः डेपोवर येतो. ढीग दिसला तर मला सही करावी लागेल. मला ढीग दाखवू नका."

घनश्यामभाऊ हसले. खत फुकट वाटायचं, त्यात काय अवघड? दुसऱ्या दिवशी भोंगा गरजला: "नागरिकांना मोफत सेंद्रिय खत! कुंडी, परसबाग, फुलझाडं! आपलं पोतं आपण आणावं!"

कुणीच गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी टपरीवर विचारलं, तर टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "थे मेढ्याचं खत ना, भाऊ? आता बाहेर काढलेली पीडा कोन वापस घरात आनन? तुम्हीच तं सांगतलं होतं, गाडीत टाका म्हनून."

घनश्यामभाऊ तडक ऑफिसात गेले आणि नवीन सूचना लिहिली: "नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. खतात कोणतीही इडापिडा नाही."

यानं तर आणखीच गोंधळ झाला. सकाळी देवसिंगची गाडी चौकाचौकात अडवली गेली. "खतात नाही तं गेली कुठं मंग?" बाया विचारू लागल्या. "आम्ही गाडीत टाकली, गाडी डेपोत गेली, डेपोत नाही म्हनता. म्हंजे गावातच मोकाट फिरून राह्यली काय?" एका घरी त्याच आठवड्यात दोन पोरांना गोवर निघाला होता; त्यांनी नगरपरिषदेला जबाबदार धरलं. सूचना मागे घ्यावी लागली. मग प्रयोगशाळेचा अहवाल चौकात लावला. नत्र किती, स्फुरद किती, सगळं होतं. लोकांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले की यात पीडा तपासलेलीच नाही.

मधेच मुकुटबनकडचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. सगळा ढीग नेतो म्हणाला. घनश्यामभाऊंना आकाश ठेंगणं झालं. पण त्यानं जाताना टपरीवर चहा घेतला, आणि वडजापूरची माणसं मनानं चांगली. परगावच्या साध्याभोळ्या माणसाच्या गळ्यात आपली दुखणी कशी बांधायची? त्यांनी त्याला बसवून सगळं खरं सांगितलं. वरून चहाचे पैसेही घेतले नाहीत. तो रिकामा ट्रॅक्टर घेऊन परत गेला.

डेपोवर त्या संध्याकाळी घनश्यामभाऊ उलट्या घमेल्यावर बसून राहिले. बाया घरी गेल्या होत्या. तानाबाई हातपाय धूत होती.

"लोक अडाणी आहेत, तानाबाई," ते म्हणाले. "इतकं सोन्यासारखं खत!"

"हाव." तानाबाईनं पदराला हात पुसले. "तुम्ही किती नेलं?"

"मी?"

"तुमच्या घरी कुंड्या हायेत. गुलाब हाय, मोगरा हाय. वहिनींनी दाखवला होता मले. तुम्ही किती नेलं?"

घनश्यामभाऊंनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. अडचण अशी होती, की पोळ्यापासून त्यांना छातीत एकदाही जळजळ झाली नव्हती. तिखट झुणका खाऊनही नाही. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्यांनी तो तपासूनही पाहिला नव्हता.

"नेतो ना," ते म्हणाले. "गडबडीत राहून गेलं."

तानाबाईनं एक घमेलं भरलं, डोक्यावर ठेवलं, आणि भर बाजारातून, सगळे बघत असताना, आपल्या घरी नेऊन दोडक्याच्या वेलाला घातलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काहून व तानाबाई, भेव नाही लागत?" तर म्हणाली, "भेव तं लागते. पन काम गेलं तं त्याचंही भेव लागते."

तेव्हापासून तानाबाईची तब्येत ही वडजापूरची पहिली बातमी झाली. भोंग्याची गरजच उरली नाही. सकाळी ती झाडायला बाहेर आली की समोरची दारं किलकिली होत. "बरी हायेस ना?" "जेवली काय?" "चेहरा उतरल्यासारखा वाटून राह्यला, व माय." तिला शिंक आली तरी नाक दाबून घरात पळावं लागे. घनश्यामभाऊ रोज देवसिंगला विचारत आणि देवसिंग रोज म्हणे, "ठणठणीत हाय साहेब. काल तं माह्यावरच ओरडली." दोडक्याच्या वेलानं नवी पालवी धरली. एकदोघी हळूच कुंपणाजवळ येऊन पानं उलटून पाहून गेल्या. घनश्यामभाऊंच्या जिवात जीव आला.

आणि महिनाअखेर चार दिवसांवर आली असताना पोतं उतरवताना तानाबाईचा पाय मुरगळला.

डावा.

ती लंगडत घरी गेली तेव्हा बाजार भरलेला होता. भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. घनश्यामभाऊंना बातमी कळेपर्यंत गावात कुणाला कळायची राहिली नव्हती. ते स्कूटर घेऊन धावले. तानाबाई ओसरीवर पायाला हळद लावून बसली होती.

"मुरगळला, भाऊ. पोतं हातातून सुटलं. भोंग्यावर सांगा खरं काय थे."

"कोण ऐकेल?" घनश्यामभाऊ तिच्या पायरीवरच बसले. आता मात्र त्यांना लाज वाटली. "तानाबाई, मी अगोदर नेलं असतं, तर पाय माझा मुरगळला असता."

"तुमचा कायले मुरगळते? तुम्ही कुठं पोती उचलता?"

डेपो गेल्यातच जमा होता. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करत घरी गेले. त्या रात्री त्यांनी झुणका खाल्ला नाही.

महिनाअखेरी सकाळी साहेब यायच्या अगोदर घनश्यामभाऊ डेपोवर पोचले. ढीग होता तसाच होता. बाया कोपऱ्यात बसल्या होत्या. तानाबाई लंगडत लंगडत पाणी मारत होती, कारण पाणी मारायची वेळ झाली होती.

तेवढ्यात फाटकातून जमनाबाई आत आल्या. काठी नव्हती. पोळ्यापासून त्यांनी काठी सोडली होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या तानाबाईकडे पाहत उभ्या राहिल्या. तानाबाईनं पाऊल टाकलं, थांबली, दम घेतला, दुसरं टाकलं.

"हे माझं लंगडणं हाय," जमनाबाई म्हणाल्या.

"नाही मावशी, पाय मुरगळला."

"मले शिकवू नोको. वीस वर्सं लंगडली मी. आधी दम, मंग पाय, मंग 'आई गं'. थे माझंच हाय." त्यांनी कमरेची पिशवी सोडली. "माझं दुखनं तुया पायात, अन् मी बाजारात झपझप चालून राह्यली. कसं दिसते थे? भर यात माझ्या वाट्याचं."

तानाबाईनं घनश्यामभाऊंकडे पाहिलं. घनश्यामभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच काहीही सूचना केली नाही. तिनं पिशवी भरली. जमनाबाई ती काखेत मारून निघाल्या. फाटकापाशी पोचेपर्यंत त्या थोड्या लंगडू लागल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र उधारी फेडून आलेल्या माणसाचं समाधान होतं.

त्यांच्या मागोमाग टपरीवाला आला, मान खाली घालून. "खोकला माझा होता," तो म्हणाला. "बाईच्या जिवावर कायले?" मग गोवरवाली बाई आली, तिची जाऊ आली. तासाभरात घाटंजी रोडला पोती, टोपल्या, बादल्या, एक बाळाचा टब अशी रांग लागली. आता भांडणं वेगळीच सुरू झाली. "तू दोन पोते काहून नेऊन राह्यली? तुया घरचा तं एकच ताप होता!" "अन् सासरे? सासऱ्याचा दमा कोन नेईन, तू?" एका माणसानं आपण फक्त मच्छर टाकले होते असं सांगून अर्धीच पिशवी मागितली. देवसिंग रांग सरळ करत होता. मग गाडी बाजूला लावून तो स्वतःच रांगेत उभा राहिला. "तुया तांड्यावर तं गाडी गेलीच नव्हती, तुयं यात काय हाय?" कुणीतरी म्हणालं. "वागवलं तं मीच ना साऱ्यायचं," देवसिंग म्हणाला. "थोडंफार अंगाला लागलंच असन."

साहेबांची जीप आली तेव्हा ढिगाच्या जागी काळपट जमीन उरली होती आणि एक बाई खराट्यानं तीही गोळा करत होती. साहेबांनी खाली उतरून रिकाम्या जागेभोवती एक फेरी मारली.

"गावंडे, हे कसं केलंत?"

"जनजागृती, साहेब," घनश्यामभाऊ म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली आणि सही न करताच परत गेले. जीप वळल्यावर घनश्यामभाऊंनी स्कूटरच्या डिकीतून पिशवी काढली आणि रांगेत उरलेल्या दोघातिघांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा खराट्यानं गोळा केलेलंच काय ते शिल्लक होतं. तानाबाईनं ते मुठीमुठीनं पिशवीत घातलं.

"मोगऱ्याला घाला," ती म्हणाली. "अन् गुलाबाला जरा कमीच. गरम पडते."

मग ती ढिगाच्या रिकाम्या जागेकडे वळली आणि फाटकाबाहेर पांगलेल्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अवं ज्यायनं आपली पोती नेली थे ठीक हाय, पन ज्यायनं डेपोची नेली, त्यायनं उद्या वापस आनून द्या! उद्यापासून नवा कचरा भरायचा हाय!"