परक्या हाताची आंघोळ

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी निवडणुका लढवतात ती नव्हे, मी आंघोळीची. पांढरी, प्लास्टिकची, पाणी वाहून जावं म्हणून बैठकीला भोकं पाडलेली. चारही पायांत रबरी बूट आहेत, पण फिरणं नशिबात नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. एकाच साच्यातून एवढी भावंडं निघाली की लाड कुणाचेच झाले नाहीत. पुढे औषधांच्या दुकानात काठ्या-कुबड्यांच्या शेजारी धूळ खात उभी होते. तिथून मला एक बाई घेऊन आली. पन्नाशी ओलांडलेली, केस घाईघाईत बांधलेले. "घसरणार नाही ना?" असं तिने दुकानदाराला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी तो बिचारा स्वतःच माझ्यावर बसून दाखवता झाला, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

घरी तिची आई होती. एके काळी मोठ्या रुग्णालयात नर्स होती, आणि अख्खा वॉर्ड तिला टरकून असायचा म्हणे. आता तिचे गुडघे गेले होते, हात थरथरत होते आणि साबण हातात ठरत नव्हता. पन्नाशीच्या लेकीला ती अजून चिमणी म्हणायची. चिमणी वाचनालयात नोकरीला. आईला एकटीने आंघोळ जमेनाशी झाली, तसं तिने कामाचे तास कमी करून घेतले.

सकाळी ती आईला धरून आणायची आणि माझ्यावर बसवायची. पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघायची, मग आईच्या खांद्यावर सोडायची. पाठ चोळायची, पायांच्या बोटांमधलं पाणीसुद्धा निगुतीने टिपायची. त्यासाठी खाली वाकावं लागे. मला कंबर नाही, त्यामुळे कंबरदुखी मला ऐकूनच ठाऊक. पण उठताना ती माझा पाय धरायची, तेव्हा तिचा हात कापायचा. आईने विचारलंच तर म्हणायची, काही नाही, पायाला मुंग्या आल्या.

आई एरवी बोलकी. माझ्यावर बसली की मात्र गप्प. डोळे मिटून घ्यायची. मांडीवरचा टॉवेल जरा सरकला की लगबगीने ओढून घ्यायची. म्हातारपणी माणसं अशीच होत असतील, असं मला वाटायचं. शेवटी माझं डोकं प्लास्टिकचं.

चिमणीच्या मावशीचा फोन आला की तेच बोलणं. आंघोळीला एखादी बाई ठेव, स्वतःकडे बघ. डॉक्टरांनीही बजावलं होतं की हे वाकणं थांबलं नाही, तर तूच अंथरूण धरशील. चिमणी कमरेला पट्टा आवळायची आणि फोनवर ठणकावून सांगायची की माझ्या आईला माझ्याशिवाय कुणाचा हात चालत नाही. हे सांगताना तिचा आवाज भरून यायचा. आत आई माझ्यावर बसून सगळं ऐकायची आणि माझे दोन्ही हात घट्ट धरायची.

आणि एक दिवस व्हायचं ते झालं. आईच्या अंगाला साबण लागलेला, डोक्यावर फेस. चिमणी पाय धुवायला वाकली ती वर येईचना. कंबर धरली होती. एक हात माझ्या पायावर, दुसरा ओल्या फरशीवर, आणि डोळ्यांतून पाणी. तिला हलता येईना, आईला उठता येईना. मी तर कुणाच्याच कामाची नव्हते. इतकं लाचार मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा आई बोलली, थेट वॉर्डातल्या आवाजात. "हलू नकोस. श्वास घे. आता हळूच गुडघे टेक."

चिमणीने गुडघे टेकले. मग आईचा आवाज उतरला. "चिमणे, आंघोळीला बाई लाव."

"अगं, पण तुला परक्या बाईचा हात चालेल?"

"मी जन्मभर परक्यांनाच आंघोळी घातल्या गं. परक्या हाताची लाज नाही वाटत. तुझ्या हाताची वाटते."

चिमणीने मान वर केली. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांना किती कौतुकाने सांगायचीस. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं."

दोघी एकमेकींचं मन सांभाळत बसल्या होत्या, आणि त्यापायी एक कंबरेतून मोडली होती नि दुसरी मनातून. मला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते. आईने थरथरत्या हाताने पाण्याचा मग उचलला आणि डोक्यावरचा फेस आपणच धुतला. अर्धं पाणी चिमणीच्या अंगावर गेलं. दोघी हसल्या, मग पुन्हा रडल्या.

नवी बाई आली ती बडबडी. हात जरा जड, घाई फार. आई तिला शिकवायची, आधी मान, मग पाठ, आणि नाकातोंडात पाणी घालू नकोस बाई. ती म्हणायची, आजी, तुम्ही तर माझी परीक्षाच घेता. पहिल्याच दिवशी आई माझ्यावर बसून खळखळून हसली. दाराबाहेर चिमणी उभी होती. तिला लागलं असणार. ते हसू तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. जरा वेळाने तिची पावलं खोलीकडे गेली, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम करायला. पुढे आई न्हाऊन बाहेर गेली की मायलेकींच्या गप्पा मला आतपर्यंत ऐकू यायच्या.

आईची ताकद उतरत गेली. एकदा बाई पाणी काढून तयार होती, तर आई म्हणाली, "आज चिमणीला बोलव." चिमणी आली. वाकायला नको म्हणून समोर बुटकं स्टूल घेऊन बसली. "रोज नको," आई म्हणाली, "पण आज तुझाच हात हवा." त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत. सगळा वेळ लेकीकडे बघत होती. ती तिची माझ्यावरची शेवटची आंघोळ.

आता आईला पलंगावरच पुसून घेतात. मला कोरडं करून खोलीत आणलंय, आणि माझ्यावर चिमणी बसते. तुमच्या घरी कुणी असं थकलेलं असेल, तर त्याच्या वतीने ठरवण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तुमचं काही दुखत असेल, तर ते लपवू नका. बसायच्या जागेने याहून जास्त काय सांगावं.

काल आईने डोळे उघडले. लेकीकडे वळून तिने विचारलं, "कंबर कशी आहे गं?"

"बरी आहे," चिमणी म्हणाली.

खरंच बरी होती. खोटं असतं तर मला कळलं असतं. तिचा सगळा भार माझ्यावरच होता.