शंभर टक्के बिरू

एंटरच्या बटणावर कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. नेमकं मधोमध, आणि ताजं. योगिनीनं ते रुमालानं पुसलं, तर मागून कुणीतरी ओरडलं, "हां हां, बाई! पाप लागंल!" मॉनिटरला झेंडूची माळ घातलेली होती आणि उदबत्तीची राख कीबोर्डात झिरपत होती.

संभाजीनगरातल्या एका धर्मादाय संस्थेचं हे रुग्ण मदत केंद्र. ज्यांना शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही, त्यांची प्रकरणं इथं संगणकावर नोंदली जात आणि मंजूर होत. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. पिशोरकडची कितीतरी घरं मेंढरं विकून शहराच्या कडेला, नव्या इमारतींच्या कामावर आली होती. शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. केंद्रात चमत्कार मात्र रोज व्हायचे, तेही कार्यालयीन वेळेत.

"ह्या पेटीत चित्रगुप्ताची वही उतरलीय!" व्हरांड्यातून कडुबा महाराज गरजत होते. "तुमचं मेलेलं मानूस कुठं जन्मलं, ही पेटी सांगती! शंभर टक्के! नव्व्याण्णव नाय!"

परवापरवापर्यंत हेच कडुबा हॉस्पिटलच्या फाटकाशी पोपट घेऊन भविष्य सांगत. पोपट बहुधा राजीनामा देऊन गेला असावा.

योगिनी संख्याशास्त्र शिकलेली. ज्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर केलं, तिच्याकडून आलेली. काउंटरवरच्या सुदर्शननं तक्रार कळवली होती: नवा रुग्ण नोंदवायला गेलं, की तो आधीच नोंदलेला आहे असं दाखवतं आणि प्रकरण उघडतच नाही.

"मॅडम, चूक माझी नाय," तो कुजबुजला. "पडद्यावर आलं ते मोठ्यानं वाचलं, एवढंच. महाराज नेमके दारात उभे होते."

"कुणाची नोंद होती?"

त्यानं कोपऱ्याकडं बोट केलं. अक्षदा तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. बाळाचे ओठ निळसर होते. शेजारी नवरा राम आणि सासू बानाबाई. बाळाच्या हृदयाला भोक होतं आणि आता थांबू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सुदर्शननं बाळाचं नाव, गाव, मोबाईल टाकताच पडद्यावर आलं: 'बिरू राम शिंगाडे. हा रुग्ण आधीच नोंदलेला आहे. जुळणी शंभर टक्के. स्थिती: मृत.' ती जुनी नोंद बानाबाईच्या नवऱ्याची होती. तो याच केंद्राच्या मदतीनं ऑपरेशनला गेला होता आणि परत आला नव्हता.

महाराजांना एवढं पुरे झालं. "म्हातारा परत आलाय! चाकूनं गेला व्हता, पुन्यांदा चाकू लावाल तर पुन्यांदा जाईल!"

तेव्हापासून बानाबाई नातवापुढं डोक्यावर पदर घेऊन बसायची. राम आईच्या तोंडाकडं बघायचा, अक्षदा रामच्या. संमतीचा कागद कोराच होता.

योगिनी सकाळभर नुसती बघत बसली. महाराज रांगेतून फिरायचे, "पोराला आज्याचंच नाव ठिवलंय नव्हं? म्हातारा हितंच नोंदलेला? फोनबी त्याचाच?" असं हळूच विचारायचे आणि व्हय म्हणेल त्यालाच पेटीपुढं सोडायचे. पेटी म्हणायची, शंभर टक्के. नारळ फुटायचा.

"महाराज," योगिनीनं विचारलं, "सकाळपासून सगळे आजोबाच परत आले. आजी एकही नाही?"

"बाया थेट मोक्षाला जात्यात, बाई. लई पुण्यवान."

"जित्तेपनी कुनी बोललं नाय ते," बानाबाई पुटपुटली. रांगेतल्या बाया फसकन हसल्या.

योगिनी रामजवळ जाऊन बसली. "तुमच्या आजोबांचं नाव काय होतं?"

"राम. त्यांचंच मला ठिवलं. आन् बाचं नाव माझ्या पोराला. आमच्यात पयल्या नातवाला आज्याचंच नाव असतं."

"आणि मोबाईल नंबर?"

रामनं खिशातून जुना फोन काढला. "बाचाच हाय. चालतोय तर कशाला बदलायचा?"

योगिनीला चित्र स्पष्ट दिसलं. आजोबा बिरू राम, नातूही बिरू राम. गाव तेच, नंबर तोच. सॉफ्टवेअर जुळणीसाठी या तीनच गोष्टी बघत होतं. जन्मतारीख पूर्वी बघायचं. पण शाळामास्तरांनी अर्ध्या मराठवाड्याला एक जूनलाच जन्माला घातलेलं, उरलेल्यांना तारीख ठाऊक नाही. त्या घोळाला कंटाळून केंद्रानंच ती जुळणीतून काढायला लावली होती. नात मात्र आजीशी कधीच जुळणार नव्हती. आजीच्या नावामागं नवऱ्याचं नाव, नातीच्या नावामागं बापाचं.

सांगून कुणी ऐकणार नव्हतं. ती उठली, महाराजांच्या पायाशी ठेवलेला कोहळा उचलला आणि काउंटरवर ठेवला.

"सुदर्शन, ह्याची नोंद कर. नाव बिरू राम शिंगाडे, गाव पिशोर, मोबाईल ह्यांचा."

सुदर्शननं एंटर दाबलं. पडद्यावर आलं ते तो मोठ्यानं वाचू लागला. "जुळणी... शंभर टक्के."

दारातला रिक्षावाला ओरडला, "अरे यार, दादाजी कद्दू में बी घुस गए!"

हशा उसळला. "कोहळ्यातबी देव असतो!" महाराज किंचाळले.

"असू दे. पण आजोबा बाळात आहेत की कोहळ्यात, ते एकदा ठरवा. मला संध्याकाळी भाजी करायचीय."

मग तिनं बाळाची नोंद घेतली आणि नंबरातला शेवटचा आकडा तेवढा बदलला. 'नवीन रुग्ण.' नंबर पुन्हा बरोबर केला, जुळणीत जन्मतारीख घातली. 'नवीन रुग्ण. प्रकरण उघडले.' कोहळ्याला जन्मतारीख नसल्यामुळे तो बाद झाला.

"बाईनं पेटीची शक्ती घालवली!" महाराज गरजले.

"मग पोपट आना की परत!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

महाराज नारळ गोळा करू लागले. योगिनी लोकांकडं वळली. "पेटी माणूस ओळखत नाही. दिलेली नावं आणि आकडे सारखे आहेत का, एवढंच बघते. माणूस तुम्ही ओळखता. कुणी शंभर टक्के म्हणालं, तर त्याला विचारा, कशावरून? आणि आमच्यासमोर पुन्हा करून दाखव म्हणा."

बानाबाईनं तिचा हात धरला. "मंग ह्यो... मालक नाय?"

"नाही, आजी. ते गेले. हा नातू आहे, पहिल्यांदाच आलाय."

"आन् हाबी तसाच गेला तर?"

"धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. पण थांबण्यात जास्त धोका आहे, असं डॉक्टर सांगतायत. त्यांना पुन्हा विचारा, हवं तितक्या वेळा."

बानाबाई बाळाकडं वाकली. मग तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढला आणि त्याच पदरानं त्याचं वाहतं नाक पुसलं.

रामनं सवयीनं आईकडं पाहिलं. अक्षदानं या वेळी कुणाकडंच पाहिलं नाही. ती बाळाला घेऊन काउंटरशी आली.

"आत्याबाई, मामंजींचं नाव दिलंय त्याला. त्यांचं मरन नाय द्यायचं," ती म्हणाली आणि कागद ओढून घेतला. "सही कुठं करायची, मॅडम? आमाला आपरेशन करायचंय."