पावाला चटावलेलं नाक

मी म्हातारा रेनडियर बोलतोय. हौस म्हणून नाही. चार दात उरलेत, ते शेवाळ चघळायला पुरत नाहीत, बडबडीत कुठे झिजवू? पण कळपातल्या तरण्या माद्या आठवडाभर डोकं खातायत, सांगा म्हणून. घ्या, ऐका. शाळा मला ठाऊक नाही. बर्फाचा वास घेता येतो, तेवढीच माझी विद्या.

आई नदी ओलांडताना गेली, मी दोन दिवसांचा. कळपाच्या मालकिणीनं, सेर्नेनं, मला अंगरख्यात गुंडाळून तंबूत आणलं. चुलीपाशी निजलो, माशाच्या रश्श्यात बुडवलेला पाव खाल्ला. तंबूत वाढलेल्याला इथं कुणी कापत नाही, तो घरचा. पण त्याचं नाक मेलेलं असतं, असंही सगळे धरून चालतात. कळपातले मला ‘पावखाऊ’ म्हणत. म्हणोत.

पुढं तिच्या नवऱ्यानं, तेताकोनं, मला घसरगाडीला जुंपलं. डावीकडचा पुढारी. शेजारी काळ्या, कळपात वाढलेला, तापट. दहा हिवाळे आम्ही एकत्र ओढलं. मागे दीडशे जनावरं. आमच्या पायांत चालताना टकटक वाजते. दीडशेंची वाजली की गारा पडल्यासारखं वाटे.

पांढरं शेवाळ म्हणजे आमचं पोट. बोटभर वाढायला कैक वर्षं घेतं, मिजासखोर. पण हातभर बर्फाखाली असलं तरी नाकाला कळतं. खुरानं उकरायचं आणि खायचं.

त्या वर्षी ऐन हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडला आणि गोठला. आम्ही तेताकोच्या बापाच्या जुन्या मुक्कामाला निघालो होतो, खाली सपाटीला. सेर्नेची बहीण तिथं आधीच तंबू ठोकून होती. दोघींची वर्षभरात गाठ नव्हती. वाटेत मी थांबलो. खालून वासच येईना, डब्याला झाकण लावल्यासारखं. उजवीकडच्या टेकाडावर वारा बर्फ टिकू देत नाही, तिथून बारीकसा वास होता. मी तिकडे वळलो.

तेताको उतरला. “काय रे बाबा, तिकडं काय सासुरवाडी आहे तुझी?” मी हललो नाही. त्यानं मागच्या गाडीवरल्या बायकोला विचारलं, “अगं, हा टेकाडाकडं ओढतोय. ऐकावं का याचं?”

सेर्ने हसली. “अहो, आत्ताच माझ्या हातचा पाव हाणलाय त्यानं. पावाला चटावलेल्या नाकाला शेवाळ काय कळणार? काळ्या बघा, कसा सरळ उभाय.”

काळ्याला सरळ जाण्यापलीकडं काही सुचतच नसे. तेताकोनं लांब काठीनं मला ढोसलं, आणि मी गेलो. हीच माझी खंत. पाठ फुटली असती तरी अडून बसायला हवं होतं. वाटलं, हिनं वाढवलंय, हिला ठाऊक असेल.

खाली सपाटीला नुसती बर्फाची काच. उकरून खुरं रक्ताळली. मग चार दिवस वादळ, आणि त्यानंतर टेकाड चढायचं त्राण कुणात उरलं नाही. माद्यांच्या पोटातली पाडसं आधी गेली. टकटक रोज विरळ होत गेली. काळ्या माझ्या शेजारी बसला तो उठलाच नाही, दाढेत बर्फाचा खडा तसाच. मला सेर्ने तंबूत नेऊन पाव भरवायची, आणि मी खायचो. तेही सांगायला हवं.

एकोणीस उरलो. बर्फ वितळायला लागल्यावर तेताकोनं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. “चुकलं, म्हाताऱ्या. इथून पुढं तू नेशील तिकडं.” त्यानं शब्द पाळला. माझ्यावर काठी पुन्हा उचलली नाही.

आता मला कुणी जुंपत नाही. टेकाडावर असतो. पोरींनो, तुमचं नाक सांगेल तिथं अडून बसा, जुंपणारा हात कितीही मायेचा असो.

सेर्ने रोज सकाळी वर येते. तोंड फिरवून पाव पुढं करते, डोळ्यांत बघत नाही. दात पुरत नाहीत म्हणून मी तो घेतो, आणि घेऊन झाल्यावरही तिथंच उभा राहतो. तेताकोचं मिटलं. एक शब्द अजून यायचा राहिलाय, तो सेर्नेचा.