निळीने काढलेली विहीर

मी एक जुना मांजरपाटाचा तुकडा आहे. मित्रांनो, आज मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, पण एके काळी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. त्या टाळ्यांनीच घात केला.

भिवंडीत फखरुद्दीनशेठच्या लूमवर मी विणला गेलो. २००४ साली एका संस्थेच्या ताईंनी मला विकत घेऊन दिघाशी गावाला नेले. तिथल्या बायकांनी संस्थेच्या मदतीने विहीर खणली होती. पुढे नळ मिळणार की नाही, हे ताईंच्या पाहणीवर ठरणार होते.

ताईंनी मला देवळात पसरले. "काय नाही ते सोडा. तुम्ही काय करून दाखवलंत, त्याचंच चित्र ह्यावर काढा."

बायका हरखल्या. आजवर साहेब लोक यायचे ते चुका काढायलाच. गेरू आला, हळद आली, नीळ आली. पाळ्या लावून विहिरीचा गाळ काढून घेणाऱ्या गोदूबाईंनी माझ्या मधोमध निळी विहीर काढली. मी अगदी फुशारून गेलो.

मग त्या म्हणाल्या, "ताई, होळी झाली का ही आटते. मंग लांब झऱ्यावर जावं लागतं. त्यो बी काढू का?"

"ते आज नको, मावशी. आज फक्त जमेची बाजू."

पाहुणीचा शब्द कसा मोडायचा? गोदूबाईंनी निळीचे बोट पदराला पुसले.

शहरातल्या बैठकीत मला भिंतीवर टांगले. सगळ्यांनी वाहवा केली आणि ठरवले, हे गाव आपल्या पायांवर उभे आहे, नळ दुसऱ्या गावाला द्यावा. ताई मला परत द्यायला आल्या, तेव्हा त्यांची मान खाली होती. त्यांनी खोटे काहीच सांगितले नव्हते. म्हणून तर ते त्यांना जास्त जिव्हारी लागले.

"आमचंच कवतिक आमच्याच गळ्याशी आलं का वो?" गोदूबाई एवढेच बोलल्या.

उन्हाळा आला. गोदूबाईंनी मला पिळून माझी चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर दोन हंडे घेतले. झऱ्यापासून घरापर्यंत हंडे हिंदकळत राहिले, आणि माझ्यावरची विहीर त्यांच्या कपाळावरून निळी निळी ओघळली.

मित्रांनो, माणसांचे गुण जरूर विचारा. पण नंतर त्यांचे दुखणेही ऐकायला बसा. नाहीतर ते ओझे त्यांच्याच डोक्यावर राहते, आणि खाली माझ्यासारखा एखादा चिरडला जात असतो.